प्राप्तीला घेऊन तेवीस घरं

चहा बशीत ओतायचे, पण पहिला घोट घ्यायचे नाहीत. बशी प्राप्तीसमोर धरायचे. ती एकदा फुंकायची, मग प्यायचे. चहा केव्हाच गार झालेला असला तरी.

घरात कालवण शिजत असलं की झाकण उघडायच्या आधी सांगायचे, मीठ कमी आहे. मिठाला वास नसतो, असं मी म्हणाले तर म्हणायचे, "तुला येत नाय."

मोबाईल कानाला लावायचे नाहीत. तळहातावर धरून त्याच्याशी समोरासमोर बोलायचे. "आयकतंय का?" असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत ठेवून द्यायचे.

गच्चीवरच्या टाकीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवून पाणी किती आहे ते सांगायचे.

कुणाच्या ओट्याखाली चपला उलट्या पडलेल्या दिसल्या तर सरळ करून ठेवायचे. कुणाच्या आहेत ते बघायचे नाहीत.

शर्टाच्या खिशाला कायम पेन असायचं. लिहिताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

गावात माझी ओळख "ही आमची मैतरीन" अशी करून द्यायचे. मी सव्वीस वर्षांची, ते सदुसष्टचे. लोक हसायचे. ते हसायचे नाहीत.

धाकूकाका गेले त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले. वरची सगळी वाक्यं मी आधी "ओततात", "सांगतात" अशी लिहिली होती. मग एकेक बदलत खाली आले.

कोलशेतच्या गावठाणात त्यांचं घर आहे. लहानपणी ते वडिलांबरोबर खाडीकाठच्या मिठागरात काम करायचे. पुढे मिठागर बंद पडलं, जमिनी गेल्या, गावाभोवती पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. गावठाणातली एकेचाळीस घरं तेवढी आपल्या जागी राहिली. काकांनी घरामागे भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यातल्या एका खोलीत तीन वर्षांपूर्वी मी राहायला आले. घरात त्यांचा मुलगा सुदेश, सून माधवी आणि नात प्राप्ती. काकूंचा, शेवंतीबाईंचा, फोटो हॉलमध्ये. सुदेशदादांचा रेती-विटांचा धंदा. माधवीवहिनी शहाडच्या.

आमची मैत्री एका पत्रामुळे झाली. एका दुपारी काका दाराशी आले, बाहेरच उभे राहिले.

"काय गो, तू मराठी शिकलीस ना?"

"हो. एमए."

"म्हंजे किती वर्सं?"

"शाळा सोडून पाच."

"पाच वर्सं निसती मराठी? मग हे वाच."

प्राप्तीच्या शाळेचं पत्र होतं. मुलीच्या वागण्यामुळे वर्गाला त्रास होतो, पालकांनी येऊन भेटावं. त्या वर्षातलं चौथं. आधीची तीन वहिनींनी कपाटात ठेवली होती. हे चौथं काकांच्या हाती लागलं होतं.

"वाच परत," ते म्हणाले. मी परत वाचलं. "ती काय करते ते नाय लिवलं?"

"नाही."

"आनि तिला काय होतं ते?"

तेही नव्हतं.

प्राप्ती तेव्हा आठ वर्षांची होती. आता नऊची आहे. ती पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. ती वीसेक शब्द बोलते. त्यातले निम्मे खाण्याचे. खूश असली की टाचा वर करून चालते. आवाज वाढला की कानांवर हात ठेवते, आणखी वाढला की ओरडते, म्हणजे बाहेरचा आवाज तिच्या आवाजाखाली झाकला जातो. हे मला काकांनी सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं होतं, माहीत नाही. बहुधा कुणीच नाही.

तिला त्या शाळेत घातलं तेही काकांनीच. शाळा त्यांच्या वडिलांनी दिलेल्या जमिनीवर उभी आहे. व्हरांड्यात संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर वडिलांचं नाव. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला काकांना पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, नारळ. प्रवेशाच्या वेळी शाळेने जरा काचकूच केली तेव्हा काका म्हणाले होते, "आपल्या जाग्यावरची शाला. आपल्या पोरीला नाय तर कोनाला?" शाळेने मान्य केलं. काकांनी पेढे वाटले. जागा आपली म्हणजे शाळा आपली, हे त्यांच्या इतकं अंगात होतं की आत काय चालतं ते बघायचं राहून गेलं. वर्गात बासष्ट मुलं. प्रार्थना माईकवर, कवायत माईकवर, सूचनाही माईकवर. माईकचा एक भोंगा प्राप्तीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर.

पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. मलाही नेलं. वाचायला काही असलं तर म्हणून. डिसेंबर होता. शिपायाने त्यांना सलाम केला आणि फाटक उघडलं.

प्राप्ती वर्गात नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला, चपलांच्या मांडणीशेजारी तिचं बाक ठेवलेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. एक हात कानावर. दुसऱ्या हाताच्या नखाने ती भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं कोरत होती. कोरलेल्या अक्षरांमध्ये काळा रंग भरलेला असतो, तो ती काढत होती. पणजोबांचं अख्खं नाव पांढरं झालं होतं.



"हे एका दिवसाचं काम नाय," काका म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी तिचं दप्तर उचललं. ती त्यांच्याकडे न बघताच उठली आणि त्यांचा शर्ट मागून धरला. ती हात धरत नाही, शर्ट धरते. आम्ही तिघं फाटकातून बाहेर आलो. शिपायाने परत सलाम केला.

घरी वादळ झालं.

"म्हणजे आता ही घरी बसणार?" माधवीवहिनी म्हणाल्या. "कायमची?"

"त्या शालेत नाय जानार."

"बाबा, आपल्या जागेवरची शाळा," सुदेशदादा म्हणाले. "आपणच पोरगी काढली तर गाव काय बोलेल? तुम्हाला तिकडे खुर्ची देतात."

"हिला पन देतात. बगून ये कुठं ते."

वहिनी रडत होत्या, पण आवाज शांत होता.

"बाबा, मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाही. आज बोलते. माझ्या आत्याचा मुलगा असाच होता. तोही शाळेतून काढला, घरी ठेवला. आधी म्हणाले, थोडे दिवस. मग पाहुणे आले की आतल्या खोलीत. मग पाहुणे नसतानाही आतल्या खोलीत. सत्तावीस वर्षांचा होऊन गेला. शेजाऱ्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. माझ्या मुलीचं तसं करणार असाल तर मी तिला माईकखाली बसवीन, पण घरात बसवणार नाही."

रात्री काका जेवले नाहीत, असं वहिनींनी मला सकाळी सांगितलं. त्यांनाही त्याचं वाईट वाटत होतं.

आठवड्याने मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई स्वतः घरी आल्या. काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले.

"धाकूशेठ, तिला परत पाठवा. मी बाक आत घेते."

"माईक?"

"माईक कसा काढू? दीड हजार मुलं आहेत."

"मग?"

बाई थकलेल्या दिसत होत्या. "खरं सांगू? माझ्याकडे अशा मुलांसाठी शिक्षिका नाही. दोनदा मागितली. तुम्ही प्रवेश मागितलात, तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. तुम्हाला कोण नाही म्हणणार?"

"कोनीच नाय," काका म्हणाले. "तुमी चुकल्या नाय, बाय. मीच आनून बसवली. आनि ती खुर्ची आता दुसऱ्या कोनाला द्या."

सव्वीस जानेवारीला ते गेले नाहीत. झेंडावंदनाचा भोंगा घरापर्यंत ऐकू येतो. त्यांनी दारं-खिडक्या लावल्या आणि प्राप्तीला घेऊन आत मटार सोलत बसले. तिला मटार सोलायला आवडत नाहीत. त्यांनी सोललेले ती परत टरफलांत भरायचा प्रयत्न करत होती. दोघं भाषण संपेपर्यंत हेच करत होते.

घरी ठेवायचं डिसेंबरातच ठरलं होतं. पण करायचं काय?

पहिले पंधरा दिवस त्यांनी शाळाच काढली. बाजारातून फळा आणला, खडू आणले. मला मास्तरीण केलं. दहा वाजता स्वतः ओट्यावर उभे राहून "चला चला, वर्ग भरला" म्हणायचे. प्राप्तीने पहिल्या दिवशी फळा उलटा केला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर झोपली. तिसऱ्या दिवशी तिने सगळे खडू पाण्याच्या पिंपात टाकले आणि ते विरघळताना इतकी हसली की काका तिच्या शेजारी उभे राहून पिंपात बघत राहिले.

"काय बघताय?" मी म्हणाले. "उद्या काय शिकवू सांगा."

"आपन परत तीच शाला केली गो," ते म्हणाले. "निसता माईक नाय म्हनून."

फळा माळ्यावर गेला.

मग आम्ही ठाण्यात एका विशेष शिक्षिकेकडे गेलो. तिने प्राप्तीला तासभर काहीच शिकवलं नाही, नुसती तिच्याबरोबर जमिनीवर बसली. काकांना ती त्याच क्षणी आवडली. निघताना तिने सांगितलं: रोज एकच नवीन गोष्ट, त्याच वेळी, त्याच रस्त्याने. घाई नाही. आणि माणसं लागतील. घरातली पुरणार नाहीत.

परतताना रिक्षात मी म्हणाले, "काका, मिठागरासारखंच ना? एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी सोडायचं, थांबायचं, मग आपोआप..."

"नाय," ते म्हणाले. "मिठागरात लय पाठ मोडते. पोरीला कशाला त्यात घालतेस?"

मी पुढचं उदाहरण दिलं नाही.

पण "माणसं लागतील" हे त्यांनी धरून ठेवलं. दोन दिवसांनी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. गावठाणात लग्न असलं की घरोघर आमंत्रण द्यायला जातात. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी गावदेवी, मग देवळासमोरचं घर, मग उजव्या हाताने खाडीकडे, आणि डाव्या हाताने परत. एकेचाळीस घरं. मधलं घर गाळून पुढे गेलं तर त्या घराचा अपमान, आणि पुढच्या घरालाही ते आमंत्रण खरं वाटत नाही. पत्रिका फोनवर यायला लागल्या तरी हे फिरणं कोलशेतमध्ये बंद झालेलं नाही.

"आपन प्राप्तीचं आमंत्रन द्यायचं," काका म्हणाले.

"कशाचं?"

"कशाचं नाय. तिचंच."

वहिनी आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी ते निघाले. संध्याकाळी साडेपाच. पुढे काका, मागे शर्ट धरून प्राप्ती, तिच्यामागे मी. गावदेवीला नमस्कार करून देवळासमोरच्या घराशी थांबले.

"लगीन कोनाचं, धाकूदादूस?" आतून विचारलं.

"लगीन नाय. ही माझी नात. आठ दिवस रोज येनार. काय देऊ नका, काय विचारू नका. बसू दे फकस्त."

"एवढंच?"

"शेवटच्या दिवशी पानी द्या."

एका घराला एक आठवडा. पहिल्या दिवशी पायरीपर्यंत. मग पायरीवर. मग ओट्यावर. ज्या दिवशी ती त्या घरचं पाणी पिईल त्या दिवशी ते घर झालं. प्राप्ती परक्या भांड्यातलं पाणी पीत नाही, किंवा तोवर पीत नव्हती. पहिल्या घरचं पाणी ती सहाव्या दिवशी प्यायली. तांब्यातून, अर्धं फ्रॉकवर सांडून. काका तिथेच ओट्यावर बसले आणि त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. तोंडाला घाम नव्हता.

"कशासाठी हे सगळं, सांगाल तरी?" मी विचारलं.

"मी काय जल्माला पुरनार हाय? उद्या ही एकटीच भायेर पडली, तर एकेचाळीस घरातलं कोन तरी बोलल, अरे ही धाकूची. हिला पानी द्या. हिला घरी सोडा."

सातवं घर जयामावशींचं. मावशी सुकी मासळी विकतात आणि कुणाला सोडत नाहीत. तिसऱ्याच दिवशी प्राप्ती त्यांच्या ओट्यावरच्या गार फरशीवर गाल टेकून आडवी झाली. काका घाबरले.

"राहू दे, राहू दे," मावशी म्हणाल्या. "माझा घोव पन हितंच असाच पडतो. त्याला कोनी डाक्टरकडं नाय नेला."

आतून मावशींच्या नवऱ्याचा आवाज आला, "मी आयकतोय हां."

"आयका. आयकायला तरी उठा."

प्राप्ती हसली. ती कशाला हसली कोण सांगणार, पण मावशी त्या दिवसापासून सांगतात की पोरीला सगळं कळतं.

सगळी घरं अशी नव्हती. एका घराने दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं. काका पायरीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी दार उघडलं आणि त्या घरची सून म्हणाली, "सासूबाईंना वाटलं, पोटुशी बाई घरात, कशाला..." काकांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुलगा होवो का मुलगी, पानी पिनारीच होऊ दे." सून हसू दाबत आत गेली आणि पाणी घेऊन आली. प्राप्ती ते प्यायली नाही. त्या घराला दोन आठवडे लागले असते, पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः स्टीलच्या वाटीत पाणी दिलं. वाटी प्राप्तीला आवडली. वाटी घरी आली. अजून परत गेलेली नाही.

सुदेशदादा यातलं काही बोलत नव्हते. पण एप्रिलपासून साडेपाच ते सहा त्यांचा रेतीचा ट्रक गल्लीत आला नाही. ड्रायव्हरला त्यांनी हॉर्नची वायर काढून ठेवायला लावली, असं ड्रायव्हरच सांगत होता. तक्रारीच्या सुरात.

मे महिन्यात एक दिवस वहिनी बाजारातून आल्या. पिशवी खाली ठेवली आणि काकांसमोर बसल्या. त्या सहसा त्यांच्यासमोर बसत नाहीत.

"बाबा, मला बाजारात एक बाई भेटल्या. मी त्यांना ओळखत नाही. म्हणाल्या, प्राप्ती काल आली नाही, बरी आहे ना?"

आदल्या दिवशी प्राप्तीला ताप होता.

"कंची बाई?"

"निळ्या दाराचं घर म्हणाल्या."

"तेरावं," काका म्हणाले.

वहिनी बसूनच राहिल्या. "ती शाळेत गेली नाही, तर तिथून कधी कुणी असं विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग उठून पिशवीतली भाजी निवडायला लागल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्या आमच्याबरोबर यायला लागल्या. सगळ्यांत मागे. पदर नीट करत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तेविसावं घर झालं. आम्ही खाडीच्या टोकाशी पोचलो होतो. तिथून डाव्या हाताने परत फिरायचं. सोमवारी आम्ही निघालो. चोविसाव्या घराच्या फाटकाशी काका थांबले. कडीला हात लावला. हात तसाच राहिला. मग ते वळले.

"आज नको," म्हणाले. "तिचे पाय दुखत असतील."

प्राप्तीचे पाय दुखत नव्हते. ती टाचा वर करून उभी होती.

मंगळवारीही तसंच. बुधवारीही.

ते घर राघोदादांचं. मी तोवर त्यांना काकांशी बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. वाटेत मी वहिनींना विचारलं.

"भांडण आहे. आमच्या बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. मिठागरात एकत्र होते." वहिनी हळू बोलत होत्या. काका पुढे होते. "चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाची हळद होती. स्पीकर एवढा मोठा, भिंती हलत होत्या. ही पाच वर्षांची. कुणाचं लक्ष नसताना गेली आणि मागची वायरच ओढली. अख्खी हळद बंद. नाचणारे हात वर करून तसेच उभे. आधी सगळे हसले. मग राघोकाका म्हणाले, धाकू, बांधून ठेव हिला."

"मग?"

"बाबांनी त्यांच्या कानाखाली मारली. मुलाच्या हळदीत. पाहुण्यांसमोर. तेव्हापासून जाणं-येणं बंद."

म्हणजे माफी काकांनी मागायची होती की राघोदादांनी, हे गावातही ठरलेलं नव्हतं. अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे.

दुसरा आठवडाही फाटकाशीच गेला. मी वैतागले.

"काका, पुढच्या घराला जाऊ. हे नंतर करू."

"तसं नाय चालत."

"कुणाला कळणार आहे?"

"पुढच्या घराला कळंल. बोलतील, राघोला गालला, म्हंजे ह्यांचं आमंत्रन कट्टीवालं."

"मग आत जा. काय होईल? फार तर तोही एक मारेल."

ते हसले. "मारला तर बरंच. फिट्टंफाट." मग थोडं चालून म्हणाले, "दिशाबाय, तो बोलला ते वाईटच. पन मी मारली ती त्याला नाय. मना तवा वाटायचं, लोकं बरोबर बोलतात काय. बांधून ठेवायची येळ येनार काय. त्या भीतीला मारली."

"हेच त्यांना सांगा ना."

"सांगतो," ते म्हणाले. "उद्या सांगतो. काय बोलायचं ते जरा बसवून दे मना. तू पाच वर्सं मराठी शिकलीस."

तो रविवार होता. मी म्हणाले, उद्या दुपारी बसू.

सोमवारी सकाळी ते अंघोळीला गेले. बाहेर आले नाहीत. सुदेशदादांनी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार.

त्या दिवशी घरात गर्दी झाली, रडणं झालं. प्राप्तीने कान झाकले आणि ओरडायच्या आधीच जयामावशी आत आल्या, तिला काही न विचारता स्वतःचा पदर तिच्या हातात दिला आणि मागच्या दाराने आपल्या ओट्यावर घेऊन गेल्या. ती तिथे दिवसभर गार फरशीवर पडून होती. पाणी प्यायली. दुपारी निळ्या दारवाल्या बाईंनी डाळभात आणला. कुणीही तिला आतल्या खोलीत ठेवा असं म्हणालं नाही.

राघोदादा आले होते. ओट्यावर चढले नाहीत. रस्त्यात, तिरडीपासून चार माणसं मागे उभे होते. टोपी हातात. स्मशानापर्यंत तसेच चार माणसं मागे चालले, असं सुदेशदादा म्हणाले.

तेरावं झाल्यावर चौदाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला प्राप्ती दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही कुणी बोलावलं नव्हतं. वहिनींनी चपला घातल्या. तिने मागून शर्ट धरायला हात पुढे केला, साडी लागली, क्षणभर थांबली आणि मग पदर धरला.

आता रोज जातो. वहिनी पुढे, प्राप्ती मध्ये, मी मागे. तेवीस घरांसमोरून. कुणी ओट्यावरून "आलीस गो?" म्हणतं. ती उत्तर देत नाही. खाडीच्या टोकाला वळतो आणि चोविसाव्या घराच्या फाटकाशी पोचतो. तिथे प्राप्ती थांबते. कडीला हात लावते. काका जेवढा वेळ ठेवायचे साधारण तेवढाच वेळ ठेवते. मग वळते आणि घराकडे चालायला लागते. तिला ते असंच शिकवलेलं आहे. चौदा दिवस, रोज, त्याच वेळी.

परवा वहिनींनी तिला वळू दिलं नाही. हळूच म्हणाल्या, "आज आत जाऊया?" प्राप्तीने त्यांचा पदर सोडला आणि एकटीच परत निघाली.

राघोदादा त्या वेळी खिडकीत असतात. गेल्या आठवड्यापासून फाटकाला कडी घातलेली नसते, नुसती लटकवलेली असते. त्यांनीही अजून बाहेर येऊन काही म्हटलेलं नाही. काकांना त्यांच्याशी काय बोलायचं होतं ते मला ठाऊक आहे. मी ते वहीत तीन-चार तऱ्हेने लिहून पाहिलं. पण ते माझ्या तोंडून जायचं नव्हतं.

क्रमाप्रमाणे हे घर झाल्याशिवाय पुढचं घेता येत नाही. त्यामुळे त्यापुढची सतराही तशीच राहिली आहेत.